घरी बोलू

अहो,

डबा न घेताच गेलात. भाजी-पोळी झाकून ठेवलीय, आल्यावर आधी जेवून घ्या.

काल सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी तुमच्याविरुद्ध उठले, असं तुम्हाला वाटलं. तसं नव्हतं हो. पाणी फक्त सकाळी सोडलं तर तळमजल्यावरच्या रखमाबाईंनी काय करायचं? त्या पहाटेच मार्केटला जातात. मी एवढंच सांगत होते. तुम्ही सेक्रेटरी, सगळ्यांसमोर "घरी बोलू" म्हणालात. घरी आल्यापासून तुमचा एक शब्द नाही. मला रात्रभर झोप नाही.

आज संध्याकाळी पुन्हा मीटिंग आहे. रखमाबाईंना घेऊन मी थेट तिथेच येते. त्या एकट्या यायला घाबरतात. खरं तर मीही घाबरलेय. एका घराचं एकच मत, ते तुमचंच लिहा. पण आज माझं बोलणं पुरं होऊ द्या.

मीना