रॉकेलचे तीन डबे

८ जुलै १९३४, सोलापूर
दादाचं सात रस्त्यावरचं बिऱ्हाड सोडलं. तो कचेरीत कारकून, मलाही तिथंच चिकटवणार. म्हणाला, "पाचवी नापास, आणि डोंगर तपासायला निघालाय!" वहिनीनं मात्र पाऊस मोजायला रॉकेलचे तीन रिकामे डबे दिले. एका मापाचे, वरून कापलेले. वास काही जात नाही.

१० जुलै, मोहोळ
बिरूमामाचं रान वाळलंय. मेंढरं वाईकडे, घाटाच्या पायथ्याला नेणार. "पाऊस तितं गवत." पण गेल्या साली तिथल्याच चिखलात खुरं सडली, निम्मा कळप गेला. मी म्हटलं, डोंगरापासून किती अलीकडे गवत असतं नि चिखल नसतो, ते मोजून येतो.
"बग. आखाडाच्या आवसेपतुर थांबतो. मंग मी आपला निगनार."

१८ जुलै
अकलूजला कुस्त्या बघत दोन दिवस गेले. असो.

२२ जुलै, लोणंद
एक डबा फलटणला शिंप्याकडे ठेवला, दुसरा इथं येसाकाकूकडे. तिचीही मेंढरं आहेत. तिसरा वाईला नेणार. पुनवेच्या सकाळी तिन्हीकडे डबा उघड्यावर ठेवायचा, दुसऱ्या सकाळी आडवी बोटं लावून पाणी मोजायचं. दिवस एकच हवा, नाहीतर ताडून बघण्यात अर्थ नाही. हे माझं मलाच सुचलं!

२७ जुलै, वाई
चार बोटं. घाट चढून वर गेलो. समुद्राकडचे ढग काळेभोर, डोंगर चढताना गारठतात आणि तिथंच ओततात. आमच्या बाजूला उतरतात ते पांढरे, हलके. हेच मोहोळवर हिंडतात आणि आम्ही माना वर करून बसतो.

२९ जुलै, लोणंद
डबा कोरडा! येसाकाकू म्हणाली, "मेंढरं प्याली की. तुमीच म्हनला सांबाळून ठेव. मेंढरांच्या वाड्यात ठेवला, तितं चोर येत न्हाय."
नेमका इथलाच आकडा हवा होता. कोरडा म्हणून लिहिलं असतं तर कोण विचारणार होतं? पण मामाची मेंढरं...
नाही लिहिलं. थांबतो.

१ ऑगस्ट
तीन दिवस डब्याशेजारी बसून काढले. वाईचा डबा तिथल्या वाण्याकडे आहे, लॉरीवाला रोज त्याचा निरोप आणतो. वाई चार, तीन, पाच. इथं एक, अर्धं, एक. गवत गुडघ्याएवढं, पायाखाली जमीन घट्ट. काकू म्हणते, "लई शाणं हायसा, जेवा आता."

८ ऑगस्ट, मोहोळ
वाटेत फलटणच्या शिंप्याकडून डबा घेतला; पुनवेला त्याचं बूडच ओलं झालं होतं. मामाला सगळं सांगितलं. लोणंदला थांबायचं, पुढं पाऊल नको.
"आनि खुरं सडली तर?"
"तर मला दावणीला बांधा."
हसला नाही. डबा उलटासुलटा करून बघत राहिला. दादाचं पत्र आलंय: जागा रिकामी आहे, पंधरा तारखेच्या आत ये.

११ ऑगस्ट
निघालो. कळपाच्या पुढं मामाच चालतो, दुसरं कुणी नाही. आज म्हणाला, "तू हो म्होरं." झालो! हातात डबा, मागं सगळी मेंढरं. पत्राला उत्तर लिहायचं राहिलंय.

२१ ऑगस्ट, लोणंद
पोचलो. पश्चिमेला काळं दाटलंय. डबा उघड्यावर मांडला. मेंढरं तोंड घालतील म्हणून मामा स्वतः काठी घेऊन त्याच्याजवळ बसलाय. मला म्हणतो, "तू नगं. तुजं ध्यान कुटंबी जातं."