सायकॉलॉजीच घेणार

७ जून १९७८, महाळुंगे
राजगुरुनगरच्या कॉलेजातून नाव काढलं. प्रिन्सिपॉलनी मान वर न करता सही केली. माझ्याकडे बघवलं नसणार. तिथं सायकॉलॉजी फक्त एफ.वाय.पर्यंत. स्पेशलसाठी आता पिंपरीचं कॉलेज. दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं मला जन्मजात जमतं, फक्त डिग्री लागायची बाकी. बाबांना सांगितलं. म्हणाले, मनातलं कळतंय तर म्हशीचं बघ, दोन दिस झालं पान्हा चोरतीय.

८ जून, गुरुवार. संत तुकाराम नगर, पिंपरी
इंद्रायणीताईकडे उतरलो. एक खोली, स्वयंपाकघर आणि विलासदाजी. दाजींनी विचारलं, किती दिवस? म्हटलं, दोन वर्षं. दाजी बराच वेळ बोललेच नाहीत. काही माणसं आनंदानं मुकी होतात. मग कंपनीची गुरुवारची सुट्टी असून ओव्हरटाइमला निघून गेले. ताई म्हणाली, आज ओव्हरटाइम नसतो.

१२ जून
सायकॉलॉजीच्या प्रमुख नीला रणपिसे मॅडमना भेटलो. हाच विषय का, म्हणाल्या. म्हटलं, समोरच्याच्या मनात काय चाललंय ते मला दिसतं. मग माझ्या मनात काय आहे, म्हणाल्या. घरची काळजी, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, नाही, तुमचे अडतीस मार्क. पन्नास लागतात. दुसरा विषय शनिवारपर्यंत कळवा.
भावना लपवायची ही एक पद्धत असते.

१४ जून
प्रॅक्टिस सुरू. शेजारचे लालमहंमद मेकॅनिक आणि रोशनबीभाभी सकाळपासून भांडत होते. भाभींना म्हटलं, तुमचा राग लहानपणीचा आहे. लालमहंमदना म्हटलं, भाभींचं तुमच्यावर मन नाही. संध्याकाळी दोघं मिळून दारात. लालमहंमद दाजींना म्हणाले, विलासभाऊ, इसको समझाओ, नाहीतर मी समजावतो. दाजींनी हात जोडले.
एका दिवसात जोडपं एक केलं, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

१७ जून, शनिवार
कळवायला गेलो नाही. मॅडम माझा संयम बघतायत. ताई म्हणाली, जा बाबा, एखादा विषय सांगून ये, हे आता कायमची नाईट शिफ्ट मागतायत. तिला सांगितलं, काही लोकांना रात्रीचं काम मानवतं.

२० जून
लिस्ट लागली. सायकॉलॉजीत नाव नाही. क्लार्क धोंडीबा साळवे म्हणाले, राव, आता लॉजिकमध्येच जागा आहे, घ्यायचं तर घ्या. घेतलं. सायकॉलॉजी, लॉजिक. निम्मा शब्द तोच आहे.
दाजींनी विचारलं, लॉजिक राजगुरुनगरला नव्हतं का? म्हटलं, होतं की.
दाजी पुन्हा मुके झाले. या वेळी आनंदानं की कसं, नक्की ठरवता आलं नाही.

१९ जुलै, बुधवार
मॅडमनी जिन्यात थांबवून सायकॉलॉजीच्या प्रयोगशाळेत बोलावलं. अखेर. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. तिथं कस्तुरा नावाच्या एस.वाय.च्या मुलीनं मला खुर्चीत बसवून डोळ्यांवर पट्टी बांधली. म्हणाली, प्रयोग कुणावर तरी करावा लागतो, त्याला प्रयुक्त म्हणतात. लाकडी चक्रव्यूहातून बोटानं वाट काढायची होती. तास संपला, वाट सापडली नाही. बाकीच्यांना पाच मिनिटं लागतात म्हणे.
पट्टी सोडल्यावर विचारलं, माझ्याबद्दल निष्कर्ष काय निघाला? म्हणाली, तो प्रयुक्ताला सांगत नसतात. पण पुढच्या बुधवारी नक्की या, मॅडमना तुम्हाला सगळ्या वर्गाला दाखवायचंय.
त्याच वेळी माझा लॉजिकचा तास असतो. लॉजिक सोडणार.