गुडघ्याकडून मानेकडे

प्रति,
मा. संशोधन अधिकारी,
वेदना उपचार विभाग,
नागरी रुग्णालय.

विषय : पत्नीच्या उजव्या गुडघ्याचा मॉक्सा शेक बंद केल्याबद्दल तक्रार व तो पूर्ववत सुरू करण्याबाबत.

संदर्भ : आपले उपचार बंद केल्याचे पत्र आणि त्याच्या मागोमाग आलेले शुद्धिपत्रक.

महोदय,

१. मी छापखान्यात मुद्रितशोधक आहे. पत्नी घरीच पाळणाघर चालवते. दुडदुडणारी मुले सांभाळायची तर जमिनीवर बसावे लागते, आणि मूल पडायच्या आत उठावेही लागते. गुडघ्याने दगा दिल्यापासून तिला दोन्ही जमेना. ती खुर्चीवरून हाका मारू लागली, मुले ऐकेनाशी झाली. दोघी आयांनी तर "काकू, तुम्हाला आता झेपत नाही" असे तोंडावर सांगून आपापली मुले काढून नेली. पाळणाघर बंद पडायची वेळ आली.

२. दवण्याच्या जातीच्या वाळलेल्या पाल्याची कांडी पेटवून, ती कातडीला न टेकवता आपल्या विभागात मॉक्सा शेक देतात आणि दुखण्यावर त्याचा काय परिणाम होतो याचा अभ्यास चालतो, असे कळल्यावरून आम्ही आलो. माझा विश्वास नव्हता, हे आत्ताच सांगून टाकतो. धुराने माझे डोळे चुरचुरत, तिच्या कपड्यांना वास येई, मी कुरकुर करी. पण एके दिवशी कामावरून घरी आलो तर बाईसाहेब पोरांच्या गराड्यात जमिनीवर बसलेल्या. गुण शेकाचा, की परिचारिकेच्या गोड बोलण्याचा, की नुसता योगायोग, हे ठरवणे आपले काम. ती बसली होती, एवढे मी पाहिले.

३. आणि मग आपले पत्र आले : "वेदनेवरील मॉक्सा संशोधनाची कळ सध्या गुडघ्याकडून मानेकडे सरकत असल्याने गुडघेदुखीच्या रुग्णांचे उपचार थांबवण्यात येत आहेत." पत्नीने वाचून विचारले की एवढ्या मोठ्या विभागाला कळ आली तर ते कुठे शेकत असतील. मागोमाग शुद्धिपत्रक आले : "'कळ' ऐवजी 'कल' वाचावे." महोदय, दुसऱ्यांच्या चुका काढण्यात माझा जन्म गेला. आपण अक्षर दुरुस्त केलेत, पण शेक थांबल्यावर पुन्हा आखडलेला तिचा गुडघा त्याने वाकू लागला नाही.

४. मी चौकशीला आलो. संशोधन सहायकांनी भिंतीवरचा आलेख दाखवला : कोणत्या दुखण्यावर कोणत्या वर्षी किती शोधनिबंध निघाले. गुडघ्याची रेघ खाली उतरणारी, मानेची वर चढणारी, तिच्या पाठोपाठ अर्धशिशीची. यात माझी बायको कुठे आहे, असे मी विचारले. ते शांतपणे म्हणाले, "काका, गुडघ्यावर आता कोणी लिहीत नाही."

"म्हणून तो दुखायचा थांबला का?" मी म्हणालो.

त्यावर त्यांनी माझ्यासाठी पाणी मागवले. मला तहान लागली नव्हती, राग आला होता. तो अजून उतरलेला नाही.

५. दुखणे म्हणजे बदलीच्या नोकरीतला कारकून नव्हे. आदेश निघाला म्हणून ते बाडबिस्तरा गुंडाळून वरच्या मजल्यावर राहायला जात नाही. आपल्या विभागात तशी सोय असल्यास पत्नीचे दुखणे गुडघ्यातून मानेत हलवण्याचा विहित नमुना द्यावा. मी तो सुवाच्य अक्षरात तीन प्रतींत भरून देतो.

६. खरी चीड पुढच्याच गोष्टीची आहे. बोलता बोलता सहायकांची नजर माझ्या मानेवर गेली. प्रुफांवर वाकून वाकून ती आखडली आहे, आणि मी तावातावाने बोलताना ती चोळत होतो. त्यांचा चेहराच उजळला. मानेचे रुग्ण मिळत नाहीत, आपण आजच नाव द्या, असा आग्रह करून त्यांनी संमतिपत्र पुढे सरकवले. बाहेरच्या बाकावर पत्नी पाय लांब करून बसली होती, आणि आत माझ्या मानेला आमंत्रण चालले होते. मी बाहेर येऊन तिला सांगितले तर ती रागावलीसुद्धा नाही. म्हणाली, "तुम्ही तरी घ्या शेक. एकाचं तरी राहील दुखायचं." घरी पोचल्यावर ती जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी आडवी चढत होती. मी मागे होतो. मला रडू आले, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

७. सबब, माझी मान मी आपल्या संशोधनास देण्यास तयार आहे. अट एकच : मानेसोबत हा गुडघाही घ्यावा लागेल. तो निबंधात छापू नका, आलेखात त्याचा ठिपका देऊ नका, हवे तर उरल्यासुरल्या कांडीवर भागवा. पण शेक द्या. अट मान्य नसल्यास मी माझी मान घेऊन परत जाईन आणि उपचार थांबवलेल्या सगळ्या रुग्णांना घेऊन आपल्या दाराशी येईन. ज्यांना बसता येईल ते बसतील, बाकीचे उभे राहतील.

नकार कळवला की हे लोक मुकाट्याने गुडघे टेकतील, अशा समजुतीत आपण राहू नये. आमच्या घरात ते कुणालाच जमत नाही. तिला दुखण्यामुळे, मला स्वभावामुळे.

आपला,
नम्र राहण्याचा प्रयत्न केलेला अर्जदार
(सही)
मुद्रितशोधक, पाळणाघरवाल्या काकूंचे यजमान
दिनांक : १४ मार्च

सोबत :
१) उपचार बंद केल्याचे पत्र
२) शुद्धिपत्रक
३) मानेचे संमतिपत्र, कोरे. सही गुडघ्याचे उत्तर आल्यावर.