आप्पांची रायफल

४ फेब्रुवारी २०२५, सातारा

पाच हजार! मी पंचेचाळीस सांगितले होते. दुकानदाराने रायफलचा बोल्ट, म्हणजे मागे-पुढे सरकणारा दांडा, खोलला आणि माझ्यापुढे सरकवला. आत फायरिंग पिनच नाही — गोळीवर आपटणारी एवढीशी लोखंडी काडी. ती नसेल तर नुसती नळी आणि लाकूड, म्हणाला.

आप्पा फौजेतून सुभेदार होऊन आले तेव्हा ही जुनी रायफल रीतसर लायसन्सवर घेतली होती. आता ते गेले. विकायची परवानगी महिनाअखेरपर्यंतच.

बोल्टचा खटका वाजला तशी मी दचकून मागे सरकले. अडतीस वर्षांची बाई!

५ फेब्रुवारी

वर्गात शिकवतानाही कानात तोच खटका.

७ फेब्रुवारी

मी लहान असताना दिवेलागणीला आप्पा सोप्यात बसून बोल्ट मागे-पुढे करायचे. नजर दारावर. कुणाची वाट बघायचे, कधी कळलं नाही. आई मला उचलून मागच्या दाराने उसात न्यायची. दहावी होताच मी हॉस्टेल गाठलं. त्यांच्याजवळ एकटी कधी बसलेच नाही. शेवटच्या आजारातही नाही.

८ फेब्रुवारी, सांगली

सिकंदरभाईंचं दुकान जुनं. सत्तरी उलटलेला माणूस. मी तीस सांगितले, ते नऊवर. नवी पिन घाला आणि पंचवीस द्या, म्हटलं. त्यांनी रायफलवरचा नंबर वाचला आणि भाव करायचे थांबले.

"तुमी सुभेदारांची लेक काय?"

पिन त्यांनीच काढली होती. ब्याण्णव साली. आप्पा स्वतः रायफल घेऊन आले होते.

"म्हणाले, पिन काढ आन् मी मागितली तरी दिऊ नको. घरात बारकी पोर हाय. माझा माझ्यावर भरोसा न्हाई."

मग त्यांनी आपणहून अठरा दिले. मी सही केली. स्टँडवर बाकावर बसून रडले — सगळ्यांदेखत. म्हणजे इतकी वर्षं ती रायफल मुकीच होती! आणि मी त्या माणसाला पाणीसुद्धा लांबून दिलं.

९ फेब्रुवारी

आईला सांगितलं. तिला माहीत होतं! मग मला का नाही सांगितलंस, विचारलं. तिने तव्यावरची भाकरी उलटली.

"सांगितलं असतं तर तू त्येंच्यापाशी जाऊन बसली असतीस. पिन काढली व्हती. मारणारं हात कुठं काढलं व्हतं?"