उजव्या हाताचं स्वयंपाकघर

वालचंदनगर
२१ ऑक्टोबर २०२४

प्रिय कुंडलिक,

नमस्कार. दगडाबाईंना, म्हणजे तुझ्या आईंना, आमच्या दोघांचा नमस्कार सांग. ऊस कसा आहे, हे रीत म्हणून विचारतो. तुमच्या लासुर्ण्यावरून एसटी जाते तेव्हा खिडकीतून दिसतोच.

पत्र अशासाठी, की फोन तू उचलला नसतास. आणि उचलला असतास तर आपण पुन्हा त्या पायावर आलो असतो. तेव्हा तेवढं आधी उरकतो. रणजितचा पाय रेषेबाहेर होता. दोन वर्षांपूर्वी होता आणि आजही आहे. तुझा पुतण्या आहे आणि गावच्या कबड्डी स्पर्धेचा शेवटचा सामना आहे, म्हणून पंचाने शिट्टी गिळायची, हे मला जमलं नाही. तू भर मैदानात म्हणालास, "नीळकंठ, डोळं हायती का बटनं?" वाक्य चांगलं होतं, माणसं अजून सांगतात. झालं. आता पुढचं.

मागच्या आठवड्यात बारामतीला जाऊन आपल्या कॉलेजचा सामना बघितला. एकटाच गेलो. माझं मत विचारशील तर यंदाही काही खरं नाही. चढाईला जाणारी पोरं उंच, चपळ, कानामागं केस कापलेली. पण पकड कुणाला शिकवलेली नाही. कोपऱ्यातला गडी आधीच झेप घेतो आणि हवेत मिठी मारून पडतो. आपला संभाजी आठव. हात मागं बांधून उभा राहायचा, जत्रेला आल्यासारखा. समोरच्याचा दम सरत आला की खाली वाकून नुसता घोटा धरायचा. आता मॅट असते, पायात बूट असतात. मातीवर माणूस पडल्यावर जो आवाज व्हायचा, तो येत नाही. सामना बघतोय की शाळेतली कवायत, कळत नाही.

मुलींच्या बाजूला पाहिलं. तिथं बसून इंदिरा "घोटा! घोटा धर!" ओरडायची आणि पुढच्या खुर्चीवरचे प्राचार्य दचकून मागं बघायचे. तू म्हणायचास, या पोरीशी जो लगीन करील त्याचं घर ग्राउंडावरच बांधाय लागंल.

मी जानेवारीअखेर निवृत्त होतोय. ऑफिसात सध्या दुसरा विषय नाही. प्रत्येकजण येतो आणि माझ्या पैशाचं काय करायचं ते सांगून जातो. एकजण म्हणतो, सगळं मुदत ठेवीत टाक आणि झोप. दुसरा म्हणतो, महिन्याला पेन्शन देणारी योजना घे. आमचा मिहिर पुण्याहून रंगीत वर्तुळं पाठवतो. हिरवा भाग म्युच्युअल फंड, निळा रोखे. मला विचारशील तर संघ निवडण्यासारखंच आहे ते. दोन-तीन चढाईवाले हवेत, पण कोपरे धरून बसणारे नसतील तर पाच मिनिटांत मैदान रिकामं. हे मिहिरला लिहिलं तर त्यानं हसरा चेहरा पाठवला.

टीव्हीवर कबड्डी चालू झालीय, बघत असशील. समालोचक फार बोलतात. दिवे फार. संध्याकाळच्या मालिका आम्ही बंद केल्या, कारण इंदिराला कालच्या कथानकाचा संदर्भ लागत नाही. कबड्डीला कालचं काही लागत नाही. म्हणून आम्ही कबड्डीच बघतो.

ती विचारते, "यात आपलं कॉलेज कोणतं?"

पहिल्या दिवशी मी समजावून सांगितलं की ही कॉलेजं नाहीत, हे मोठमोठ्या शहरांचे संघ आहेत. तिचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, लाल. लाल पुढं होते. मध्यंतरानंतर निळे पुढं गेले. तिनं पुन्हा विचारलं तेव्हा मी म्हटलं, निळं. आता रोज असंच. आघाडी बदलली की मी कॉलेज बदलतो. आपलं कॉलेज रोज जिंकतं, कुंडलिक. चाळीस वर्षांत जे झालं नाही ते आमच्या बाहेरच्या खोलीत होतंय.

हे लिहायचं नव्हतं. टीव्हीबद्दल लिहिताना आलं. आलंच आहे तर लिहितो.

दीड वर्ष झालं. पुण्याच्या डॉक्टरांनी तिच्या आजाराचं नाव सांगितलं, कागदही दिला. मिहिरशिवाय कुणाला बोललो नाही. ऑगस्टमध्ये त्याच्याकडे आठवडाभर राहून बघितलं, कारण निवृत्तीनंतर क्वार्टर सोडायचीच आहे आणि तो म्हणतो, इकडेच या. पोरगा चांगला आहे, सूनही. पण त्या फ्लॅटमध्ये सगळी दारं पांढरी आणि सारखी. तिला मोरी सापडेना. विचारायची लाज वाटायची. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की तिनं पाणी प्यायचंच सोडलंय, म्हणजे मोरी विचारावी लागणार नाही. हात मांडीवर ठेवून पलंगाच्या कडेला बसायची आणि म्हणायची, "घरी कधी निघायचं?"

इथं तसं नाही. बत्तीस वर्षं एकाच क्वार्टरमध्ये काढली. आत शिरलं की उजव्या हाताला स्वयंपाकघर, डाव्या हाताला निजायची खोली, मागं मोरी. हे तिच्या डोक्यातून गेलं तरी हातापायांतून गेलेलं नाही. मागं एकदा ती चुकून पुढच्या ओळीतल्या क्वार्टरमध्ये शिरली. आतून तीही आमच्यासारखीच. सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात गेली, फळीवरून साखर काढली, दोन कप चहा केला आणि एक त्यांच्या सुनेच्या, अबोलीच्या हातात दिला. अबोली मला सांगायला आली, "काका, मावशींनी काय फक्कड चहा केला!" मी हसलो. ती गेल्यावर खाली बसलो.

तेव्हापासून एकच डोक्यात आहे. असंच घर बांधायचं. हीच मापं, दाराला दार, फळीला फळी. सगळा फंड त्यात घालायचा. मिहिर म्हणतो, बाबा, याच्याइतकी वाईट गुंतवणूक शोधून सापडणार नाही. हिशोबानं तो बरोबर आहे.

गावठाणात तुझ्या घराला लागून जुन्या गोठ्याची जागा रिकामी आहे. ती मला विकतोस का?

दुसरीकडे जागा मिळेल. पण दर रविवारी ती टीव्ही लावण्याआधी विचारते, "कुंडलिक भावजी आले नाहीत?" मी सांगतो, ऊसतोड चालू आहे. दोन वर्षं तुझी ऊसतोड चालू आहे.

तुझा,
नीळकंठ


वालचंदनगर
११ नोव्हेंबर २०२४

प्रिय कुंडलिक,

काल तू गेल्यावर भांडी विसळताना बोलायचं बरंच आठवलं, म्हणून हे लिहितो. समोर असलास की मला कबड्डीशिवाय काही बोलता येत नाही.

उत्तर न देता थेट दारात उभा राहिलास, बरं केलंस. मी काही बोलायच्या आत ती आतून म्हणाली, "भावजी, आज उशीर केलात!" जसं काही मागच्या रविवारी येऊन गेला होतास. तू डोक्यावरची टोपी काढून क्षणभर हातात धरलीस, ते मी बघितलं. मग म्हणालास, "काय करायचं वैनी, ऊस व्हता. टोळीवालं ऐकत्यात व्हय?"

माझी थाप तू इतक्या सहज उचललीस की मलाच ती खरी वाटली.

आणि नंतरचं. तिनं विचारलं, "यात आपलं कॉलेज कोणतं?" तेव्हा मी म्हटलं लाल आणि तू त्याच वेळी म्हणालास हिरवं. मी तुला डोळ्यांनी खुणावत होतो की पुढं लाल आहेत. तू आपला हट्टाला पेटलास. "न्हाय न्हाय, हिरवंच. त्यो कोपरा बघ की, संभाजीसारखा उभाय. लाल कुटनं आपलं आसंल?" मी म्हटलं, "अरे पण गुण बघ." तू म्हणालास, "गुनाचं काय घेऊन बसलास? हारलं म्हनून कालेज बदलतंय व्हय कुणी?"

यावर ती किती हसली! "तुमचं दोघांचं कधी जमलंय का," म्हणाली, "कॅन्टीनमध्येसुद्धा एका बाकावर बसून दोन तोंडांनी भांडायचात." कॅन्टीनचा बाक तिला आठवला. मला आठवत नव्हता. हिरवे हरले आणि ती हळहळली, खरीखुरी. दीड वर्षात मी तिला कशातच हरू दिलं नव्हतं, कुंडलिक. हरल्यावर माणूस किती जिवंत दिसतं, हे मी विसरून गेलो होतो.

जागेबद्दल जाताना मोटारसायकलला किक मारता मारता बोललास, म्हणजे मला वाद घालता येऊ नये. "जागा इकायची न्हाय. आई म्हनली, शेजार काय इकत घ्यायची चीज हाय व्हय? तू बांध." आईंपुढं मी काय बोलणार. पण बांधकामाचा खर्च पै न् पै माझा. तिथं मी रेषेवर उभा आहे, लक्षात ठेव.

तात्याबा गवंडी तुझ्या भरवशाचा असेल तर त्यालाच सांग. मापं घ्यायला दुपारी पाठव, ती झोपलेली असते. मला तिला सोडून सारखं लासुर्ण्याला येता येणार नाही. तूच बघ. तुझ्या डोळ्यांवर माझा भरवसा आहे. कबड्डी सोडून बाकी सगळ्या बाबतीत.

रविवारी ये.

तुझा,
नीळकंठ


लासुर्णे
२२ मे २०२५

प्रिय कुंडलिक,

मध्ये एक भिंत आणि शेवग्याची दोन झाडं आहेत, तरी पत्र लिहावं लागतंय. आईंच्या हाती देतोय. त्यांना वाचायला येत नाही हे बरं आहे, नाहीतर त्यांनी तुझ्या आधी उत्तर दिलं असतं.

आम्ही राहायला आलो त्या दिवसापासून तू तोंड दाखवलेलं नाहीस. आई म्हणाल्या, "रानात बसून ऱ्हातोय नुस्ता. जेवाय हाक मारली तर म्हनतोय भूक न्हाय." आणि आज सकाळी तात्याबा पहार घेऊन दारात. "कुंडलिकदाजींनी भिती पाडाया सांगितल्यात. म्हनलं, सगळं उलटं करून घ्यायचं."

मी त्याला चहा पाजून परत पाठवलाय.

चूक कशी झाली ते त्याच्याकडून कळलं. तो मापं घ्यायला आला त्या दुपारी इंदिराला नुकती झोप लागली होती, म्हणून मीच त्याला म्हटलं, शेजारच्या क्वार्टरची घे, सारखीच आहे. बत्तीस वर्षं राहूनही मला सुचलं नाही. आमची आणि शेजारची मधली भिंत एक. आमचं जे उजव्या हाताला ते त्यांचं डाव्या हाताला. पुढच्या ओळीतली आमच्यासारखी, भिंतीपलीकडची आरशातल्यासारखी. तू पाठवलेल्या फोटोंत भिंती दिसायच्या, बाजू कळायची नाही. तेव्हा चूक तात्याबाची नाही आणि तुझी तर नाहीच. तू भर उन्हात उभं राहून, पट्टी लावून, फळ्यासुद्धा मापात बसवून घेतल्यास. डाव्या हाताला.

पहिल्या दिवशी काय झालं ते तू पूर्ण बघितलं नाहीस. तिनं उंबरा ओलांडला, उजवीकडे वळली आणि निजायच्या खोलीत जाऊन उभी राहिली. तू दारातून ते बघितलंस आणि तसाच मागं फिरलास. पुढचं तुला माहीत नाही. म्हणून तर हे पत्र.

ती परत बाहेरच्या खोलीत आली. इकडं तिकडं बघितलं. मी घाबरलो होतो. पुण्याचं सगळं पुन्हा सुरू होणार, असं वाटलं. ती म्हणाली, "ही आपली नाही. ही पलीकडच्यांची."

मी म्हटलं, "हो."

"मग आपण इथं कशाला?"

"पाहुणे आलोय."

"कुणाकडे?"

मला सुचलं ते बोललो. "कुंडलिककडे."

"भावजींकडे होय!" असं म्हणून तिनं पदर सारखा केला आणि खुर्चीवर टेकली. थोड्या वेळानं मोठ्यानं, अगदी मोकळ्या आवाजात, "अहो, यांच्याकडे मोरी कुठंय?"

कुंडलिक, तिनं विचारलं. पुण्यातल्या त्या ऑगस्टपासून मी या एका प्रश्नाची वाट बघत होतो. क्वार्टरमध्येही शेवटी शेवटी ती चुकत होती. मला कळू नये म्हणून भिंतीला हात लावून चालायची. स्वतःच्या घरात विचारायचं कसं? पाहुण्याला कसली लाज. आता दिवसातून दहादा विचारते. पाणी कुठंय, दिव्याचं बटण कुठलं, चमचे कुठं ठेवतात हे लोक. तांब्याभर पाणी पिते. विचारून झालं की म्हणते, "घर छान बांधलंय हो भावजींनी."

मला वाईट वाटलं नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. हे घर मी तिला तिचं वाटावं म्हणून बांधलं आणि ते तिचं कधीच होणार नाही. काल दुपारी मी एकटाच स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. खिडकी बरोबर, ओटा बरोबर, फळीचं लाकूडसुद्धा तसंच. मलाही ते कुणा दुसऱ्याचंच वाटलं. मग बाहेरून तिचं हसणं ऐकू आलं. आईंशी गप्पा चालल्या होत्या. मी चहा टाकला.

तेव्हा भिंतीला हात लावायचा नाही. पहार आत ठेवून दे.

मात्र एक अडचण आहे आणि ती तुझ्याशिवाय सुटणार नाही. जेवायला बसलं की ती थांबते. "यजमान कुठायत? त्यांच्याआधी कसं जेवायचं?" मी सांगतो, उसाला पाणी धरलंय. आणि संध्याकाळ झाली की पिशवी घेऊन दारात येते. पुण्यात पलंगाच्या कडेला बसून विचारायची तसं नाही. लग्नघरातून निघताना बायका जशा रेंगाळतात, तशी. "निघायला हवं," म्हणते, "पण कुणी आग्रह करायला तरी नको का?" मग तुझ्या दाराकडे बघत राहते. मी आग्रह करून चालत नाही. मीही पाहुणाच आहे तिच्या लेखी.

म्हणून रोज दिवेलागणीला पाच मिनिटं ये. बाकी काही करू नकोस. उंबऱ्यात उभा राहा आणि म्हण, वैनी, आजचा दिस ऱ्हावा की.

उद्या पुन्हा म्हण. परवा पुन्हा.

आजचा दिवस राहिलेले,
नीळकंठ आणि इंदिरा