फाडलेली घरं

प्रिय धाकट्या,

चिमणी कशी आहे, असं तू फोनवर विचारतोस आणि मी म्हणते, मजेत. ती शेजारीच कान देऊन उभी असते, दुसरं काय बोलणार? म्हणून हे पत्र.

यंदा तिचा वर्ग माझ्याकडेच आलाय. घरी आत्या, शाळेत बाई. वर्ग कसला, नुसता गलका! ओरडून ओरडून माझा घसा बसला, तेव्हा मी नियम लावले. आठवडाभर नीट वागलात तर शनिवारी शेवटचा तास मैदानावर. कुणी काही मोडलं-फाडलं तर त्यानेच ते दुरुस्त करायचं. झालं की विषय संपला, पुन्हा कुणी बोलून दाखवायचं नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "छडीशिवाय ही ऐकतील होय?" ऐकली. निदान बरीचशी.

गेल्या आठवड्यात चिमणीने भिंतीवरची मुलांची चित्रं टराटरा फाडली. विषय होता 'माझं घर'. तिने स्वतः चित्र काढलंच नव्हतं. भाची म्हणून सूट दिली असती तर बाकीच्यांनी सगळे नियम धाब्यावर बसवले असते. शनिवारी वर्ग मैदानावर गेला आणि ती चिकटपट्टी घेऊन तुकडे जुळवत बसली. रडली नाही, कुरकुरली नाही. कुणाचं छप्पर, कुणाचं दार, सगळं जिथल्या तिथे बसवलं. शेवटचं चित्र लावून झालं तशी मी म्हटलं, "संपली हो शिक्षा. पळ खेळायला."

ती हलली नाही. म्हणाली, "आत्या, आई गेल्यावर मी खूप आदळआपट केली ना, म्हणून बाबांनी मला इथे ठेवलं. मी काय दुरुस्त केलं की ती शिक्षा संपेल?" वर्गात ती मला बाईच म्हणते. त्या दिवशी पहिल्यांदा चुकली.

ती शिक्षा नाही गं, असं मी सांगितलं. तिने मान डोलावली, बहुतेक माझं मन राखायला. तुझी फिरतीची नोकरी, एकट्याची ओढाताण मला ठाऊक आहे. तुला दोष द्यायला मी लिहीत नाही. पण हे तिला माझ्या तोंडून पटायचं नाही, आणि फोनवर तर नाहीच. येत्या रविवारी ये. सोबत नेणं जमणार नसलं तरी ये. तिच्यासमोर बस आणि तिचं काहीही चुकलेलं नाही, एवढं तिला सांग.

तुझीच,
ताई