तुम्हालाच दिलं

आबा, परवा तुमचा लाल बावटा पुन्हा पडला. गल्लीतला न्हाई, देशातला. मोबाइलवर आवाज बंद करून लावलेल्या बातम्यांत सगळ्या पक्षांचे आकडे रंगीत पट्ट्यांवर पळून राहिले होते, आणि त्यात आपला लाल शोधायला मला चष्मा दोनदा पुसावा लागला. शेवटी नातीनंच बोट ठेवून दाखवलं, "ते बघ आजी, कोपऱ्यातलं बारकं." एवढं बारकं झालंय आता.

नात म्हणजे माझ्या थोरल्याची पोर, तुम्ही गेल्यावर जन्मली. तिला डॉक्टर व्हायचंय, म्हणून लातूरला शिकवणी लावलीय, आणि तिच्या डब्या-धुण्यासाठी मी नांदेडहून येऊन राहिलेय. पोरगी झोपेत बेडकाची आतडी पाठ करते. मी म्हटलं, "अगं, माणसाची कधी येणार?" तर म्हणते, "आजी, हसवू नको, उद्या टेस्ट हाय." तिच्याकडं नुसतं बघत बसले तरी माझं जेवण झाल्यागत होतं. पण जागा, आबा! या गल्लीत घरोघरी, मजल्या-मजल्यावर पोरं भाड्यानं, आणि दर पोरामागं एक आई न्हाईतर आजी. भाजी निवडताना आम्ही बायका कुजबुजतो, पोरांचा अभ्यास मोडतो म्हणून. रेडिओ न्हाई, पाहुणा न्हाई, फाटकाला कुलूप. मला बोलायची किती खोड, तुम्हाला ठाऊक हाय.

त्यात परवापर्यंत आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. भूकंपापासनं मला उंचावर झोप लागत न्हाई. तवा तुम्हीच आला होतात माझ्या सासरी, आपल्या कापडगिरणीच्या गल्लीतल्या बायकांनी भाजलेल्या भाकरींचं गाठोडं पाठीवर घेऊन. पत्र्याच्या शेडमधून सासूबाई ओरडल्या, "कामरेट आले गं!" त्यांना मरेपर्यंत वाटत होतं, कामरेट हे आपलं आडनाव. त्यांना कशाला हसू, शाळेत मास्तरांनी पूर्ण नाव विचारलं तवा मीही तेच सांगितलं होतं. तुम्ही पोट धरून हसलात, आणि मग म्हणालात, "असू दे, खोटं न्हाई ते." कुठून कुठं गेले बघा. तर रस्त्यानं ट्रक गेला की वर खाट थरथरायची, मी दचकून पोरीला धरायचे, आणि तिची झोप मोडायची. खाली तळमजल्यावरची खोली रिकामी झाली, तवापासनं मी मालकीणबाईंच्या मागं लागले होते. त्या म्हणायच्या, "बघू आजी. लई जण मागून राहिलेत. आपलं माणूस बघून द्यायचीय."

आपलं माणूस म्हणजे काय, ते त्यांच्या गच्चीवरचा झेंडा बघून कळत होतं. जिंकणाऱ्यांचा झेंडा. माझे वडील कोण होते हे मी या घरात कधी बोलले न्हाई.

तुम्ही नगरपालिकेला उभं राहायचात आणि पडायचात. पडल्याच्या दुसऱ्या दिवशी माझं बोट धरून, ज्या ज्या दारी मत मागितलं त्या त्या दारी पुन्हा जायचात. लोक हसायचे, "आता कशाला आलात कामरेट, निवडणूक झाली की!" तुम्ही म्हणायचात, "मागायला आलो होतो, तसं सांगायलाही यायला पाहिजे. मेहेरबानी झाली." मग चहा. शिंपीचाची पदर सावरून म्हणायच्या, "भाईसाब, अल्ला कसम, आमच्या घरातली सगळी मतं तुम्हालाच दिली." पुढच्या दारी तेच, त्याच्या पुढच्या दारीही तेच. मी वाटेत चिडायचे, सगळ्यांनी दिली तर तुम्ही पडलात कसे? तुम्ही म्हणायचात, "पडलेल्या माणसाला तोंडावर न्हाई म्हणायला त्यांना जड जातं, बाई. तेवढी इज्जत हाय आपली."

परवा दुपारी जिन्यात बायकांचा गलका झाला. मालकीणबाई पेढ्यांचा बॉक्स घेऊन वर, मागं दोघीतिघी, सगळ्यांची कपाळं गुलालानं माखलेली. "तोंड गोड करा आजी! संपले बघा एकदाचे संपवाले!" आणि स्वतःच्याच बोलण्यावर त्या एवढ्या हसल्या की बॉक्स कलंडला. पेढा माझ्या हातात. तुमच्या संपाच्या दिवसांत आई चुलीवर नुसतं पाणी उकळत ठेवायची, शेजाऱ्यांना धूर दिसावा म्हणून. ते आठवलं, आणि हात वर उचलेना. मालकीणबाई जवळ सरकल्या. "खरं सांगा हं आजी, कुणाला दिलं मत?"

मत द्यायला मी नांदेडला जाऊन आले होते. यंत्रावर वरपासनं खालपर्यंत बघितलं, आपलं चिन्हच न्हाई. मागनं साहेब म्हणाले, "आजी, उरका." मग आपल्या लोकांनी ज्याच्याशी हात मिळवलाय म्हणत होते, त्याचं बटण दाबलं आणि आले. हे सांगता आलं असतं. गप्प बसता आलं असतं. पोरगी दारामागं पेनाचं टोपण चावत उभी होती, खाली मान घालून. आणि माझ्या तोंडातून निघालं, "तुम्हालाच दिलं की! आणखी कुणाला देणार?"

त्यांनी मला मिठी मारली. गुलाल लावला, मोबाइलवर फोटो काढला. पेढा खाल्ला मी. संध्याकाळी खालच्या खोलीची चावी आली.

शिंपीचाचीचं आणि माझं बोलणं एकच, असं मी स्वतःला रात्रभर समजावलं. पण एक न्हाई, आबा. ती पडलेल्याशी खोटं बोलली होती. मी जिंकलेल्याशी बोलले.

आता खाली राहायला आलोय. ट्रक जातात, खाट हलत न्हाई. पोरगी गाढ झोपते. खिडकीला जाळी हाय, बाहेर मालकीणबाईंचं तुळशीवृंदावन दिसतं, आणि त्या येता-जाता हाक मारतात, "काय आजी, आपलं माणूस!" उद्या त्यांच्याकडं सत्कार हाय, मला पुढच्या रांगेत बसायचंय. न्हाई म्हणायची सोय उरली न्हाई. परीक्षा होईपर्यंत मी त्यांचीच.

टेस्टच्या पेपरांच्या कोऱ्या बाजूंवर हे लिहून राहिलेय. पोरीनं विचारलं, "कुणाला लिहितीस?" म्हटलं, "माझ्या वडलांना." ती म्हणाली, "मग टाकणार कुठं?" कुठं टाकणार, रद्दीत जाईल तिच्या पेपरांबरोबर. म्हणून एक सांगून टाकते. त्यांनी गुलाल लावला ना, आबा, तवा आपल्या घरातलं कुणीतरी जन्मात पहिल्यांदा जिंकलेल्यांत उभं होतं. घडीभर मला लई बरं वाटलं.